उजवीकडची आडवी दाढ

नवघर, भाईंदर (पूर्व)
रविवार, दुपार

प्रिय रसिका,

सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटो दिसायचा बंद झालाय, म्हणजे तू काय केलंयस ते मला कळतं, एवढी अडाणी मी नाही. गुरुवारी मी तुझ्या शाळेच्या गेटपाशी उभी होते. तू मला पाहिलंस आणि रस्ता ओलांडून पलीकडून निघून गेलीस. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, वर दोन शब्द सुनावलेही असते. म्हणून हे कागद घेऊन बसलेय. कितीतरी वर्षांनी पत्र लिहितेय, अक्षराला हसू नकोस. एक मात्र आधी सांगते, माझ्या पोटात सध्या नुसती आग आहे. ती थोडी बाहेर पडल्याशिवाय मला खरं लिहायचं आहे ते लिहिता येणार नाही. तेव्हा जरा धीर धरून वाच.

मागच्या रविवारी तुझ्या आईकडे गेले होते. मंदाताई माझी थोरली बहीण, तिच्यापुढे मी आजवर आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी चढला. काय म्हणते माहितीय? म्हणते, “झालं ते झालं वैजू. बाहेरून काही कळतं का? ओठ दिसायला तर नीट आहे.” दिसायला नीट आहे! म्हणजे बाईच्या ओठाचं काम दिसणं एवढंच. चहा पिताना एका बाजूने घोट हनुवटीवर उतरतो आणि पोरीला कळत नाही, समोरच्याने सांगावं लागतं, ते काहीच नाही. जेवताना स्वतःचा ओठ दाताखाली येऊन रक्त निघतं, ताटात लाल दिसल्यावर मग समजतं, तेही काही नाही. भाऊजी पेपर वाचत बसले होते, त्यांनी पेपरामागूनच सांगितलं, “डॉक्टर माणसाशी वाकडं घेऊ नये, उद्या आपल्यालाच गरज लागते.” मी म्हटलं, भाऊजी, गरज लागली म्हणूनच तर गेलो होतो ना आपण? त्यावर पेपराचं पान उलटलं, बस.

त्यांना ठाऊक नाही, तू पहिलीच्या पोरांना शिकवतेस म्हणजे काय करतेस. मला ठाऊक आहे. दाढ काढल्यावर दुसऱ्या आठवड्यात तू मला सांगितलं होतंस, प, फ, ब, भ, म शिकवताना पोरांनी टीचरच्या ओठांकडे बघायचं असतं, आणि तू ओठांवर रुमाल धरून उभी राहतेस. एका पोराने विचारलं, “टीचर, तुमचं तोंड झोपलंय का?” सांगताना तू हसत होतीस. मी हसले नव्हते. खरं तर त्याच दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं.

पहिल्यापासून लिहिते, कारण हे सगळं क्रमाने कागदावर असायला हवं. दिवाळीच्या सुटीत तुझा उजवा गाल सुजला, तोंडात धड दोन बोटं जाईनात. आधीही दर महिन्या-दीड महिन्याला ती हिरडी सुजायची, तू गोळ्या खाऊन वेळ मारून न्यायचीस. मीच म्हटलं, आमच्या क्लिनिकला ये. ‘आमचं’ क्लिनिक. हा शब्द आता लिहितानाही तोंड कडू होतं. तुझे काका गेल्यानंतर हाटकेश भागातल्या त्या क्लिनिकमध्ये मी आधी फोन घ्यायला लागले, मग तिथले दातांचे डॉक्टर, उदयसर, यांनी हाताखाली काम शिकवलं. अकरा वर्षं. हत्यारं उकळणं, तोंडातली लाळ ओढणारी सक्शनची नळी धरणं, घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवणं, हे सगळं मी मन लावून शिकले. वस्तीतल्या बायका मला “सिस्टर” म्हणतात त्याचा मला अभिमान होता. तेव्हा माझ्या भाचीने दुसरीकडे जावं, हे मला पटलंच नसतं.

तुझ्या पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. खालची उजवीकडची अक्कलदाढ सरळ न येता चक्क आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला टक्कर देऊन बसलेली, आणि तिची मुळं खाली जबड्यातल्या नसेच्या रेषेवर टेकलेली. ती रेषा मलासुद्धा दिसते, इतके एक्स-रे मी पाहिलेत. उदयसरांनी फिल्म उजेडात धरली आणि माझ्यासमोर म्हणाले, “ही अनुष्का मॅडमसाठी ठेव. मी हात लावणार नाही.” अनुष्का मॅडम म्हणजे तोंडाच्या ऑपरेशनच्या सर्जन, शनिवारी आमच्याकडे यायच्या. आडव्या दाढा अकरा वर्षांत कायम सर्जनकडेच गेल्या. तुझ्या केसपेपरवर ‘सर्जन’ हा शब्द मी माझ्या हाताने लिहिलाय.

मग मी तुझी तयारी करून घेतली, आठवतं? रक्त तपासून घेतलं, साखर बघून घेतली. चार दिवस आधी फोन करून सांगितलं, अंगदुखीची कुठलीही गोळी मनाने घेऊ नकोस. उपाशी येऊ नकोस, नुसता जबडाच बधिर करणार आहेत, वरणभात पोटभर खाऊन ये. सैल कपडे घाल, नथनी काढून ठेव, लिपस्टिक नको, म्हणजे ओठांचा रंग बघता येतो. घरी बर्फ जमवून ठेव. नंतर पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, नाहीतर जखमेवरची रक्ताची गाठ निघून येते. मंदाताईला रव्याची पातळ खीर आणि गार पेज करून ठेवायला लावली. इतकी तयारी मी स्वतःच्या बाळंतपणातही केली नव्हती. तू मला चिडवत होतीस, मावशी, मी दाढ काढायला चाललेय की चंद्रावर.

त्या शनिवारी अकरा वाजता मॅडमचा फोन आला. त्यांच्या हॉस्पिटलमध्ये अपघाताची केस आली होती, त्यांना निघता येणार नव्हतं. पुढच्या शनिवारी करू, म्हणाल्या. यात त्यांची काय चूक? तू बाहेर बसली होतीस, शेजारी मंदाताई थर्मास मांडीवर घेऊन. मी सरांना म्हटलं, पोरीला पुढची तारीख देते. सर म्हणाले, “दोनदा पुढे गेलंय आधीच. लोक काय म्हणतील, यांच्याकडे सर्जन येतच नाहीत. घे तिला आत. होऊन जाईल.” होऊन जाईल! तीन महिन्यांपूर्वी ज्या दाढेला हात लावणार नाही म्हणाले, तीच दाढ त्या दिवशी ‘होऊन जाईल’. मधल्या काळात दाढ सरळ झाली होती की सर सर्जन झाले होते?

पुढचं तुला माहीत आहे. तासाभरावर वीस मिनिटं. त्यातला तासभर नुसतं ड्रिलिंग आणि ओढाताण. तुझे ओठाचे कोपरे फाटले. डॉक्टर संध्याकाळपर्यंत बधिरपणा जाईल म्हणाले. संध्याकाळ गेली, दुसरा दिवस गेला. आठव्या दिवशी टाके काढताना म्हणाले, दोन आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी म्हणाले, काहींना महिना लागतो. प्रत्येक वेळी पुढची तारीख, आणि प्रत्येक वेळी ती व्हिटॅमिनची गोळी.

आणि मग पाचव्या आठवड्यातला तो शुक्रवार. तू, मंदाताई, भाऊजी, तिघं केबिनमध्ये. तू नीट, हळू आवाजात विचारलंस, नसेला धोका आहे हे मला आधी का नाही सांगितलं? सरांचा आवाज किती गोड झाला होता. “बेटा, सगळं सांगितलं होतं. मराठीत समजावलं होतं. सहीसुद्धा आहे तुझी. आणि मधेच तू मान हलवलीस, त्याला मी काय करणार? विचार तुझ्या मावशीला.” सगळे माझ्याकडे वळले. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि अकरा वर्षांची सवय बोलली. मी म्हटलं, “हो सर. सांगितलं होतं.” मंदाताईने लगेच तुझ्याकडे डोळे वटारले, की बघ, तुझंच चुकलं. पर्स उचललीस आणि निघालीस.

आता ते लिहिते जे तुला, मला आणि सरांनाच माहीत आहे.

रसिका, तुला कुणीही काहीही समजावलं नव्हतं. तो फॉर्म मी आणून दिला. दोन पानं, सगळं इंग्रजी, बारीक टाइप, मधल्या चौकटी रिकाम्या. तू वाचायला लागलीस आणि मला विचारलंस, “मावशी, यात हे नर्व्हचं काय लिहिलंय?” मी म्हटलं, “अगं, ते सगळ्यांचं असतं, फॉर्मॅलिटी. कर सही, सर वाट बघतायत.” तू विचारलंस, “मोठ्या मॅडम आल्या का?” आणि मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, “आत सगळी तयारी झालीय, तू चल.” खोटं बोलले असं पकडता येऊ नये, इतकं हुशार उत्तर. तू आत आलीस, खुर्चीपाशी सर दिसले, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी हसून तुझ्या गळ्याभोवती रुमाल बांधला. तू विश्वास ठेवलास तो उदयसरांवर नाही. माझ्यावर.

अजून आहे. दुखलं तर डावा हात वर कर, डॉक्टर थांबतील, असं मीच तुला सांगून ठेवलं होतं. तू तीनदा हात वर केलास. पहिल्यांदा सरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्यांदा “झालंच, झालंच” म्हणाले. तिसऱ्यांदा तुझं सगळं अंग करंट बसल्यासारखं उडालं, हात ताडकन वर आला, आणि सर मला म्हणाले, “हात धर तिचा.” मी धरला. मी तुझा हात खाली दाबला, रसिका. माझ्या एका हातात सक्शन होतं आणि दुसऱ्या हाताने मी तुझा हात खुर्चीच्या दांड्यावर दाबून धरला, ड्रिल थांबेपर्यंत. मान तू हलवली नव्हतीस. नस दुखावल्यावर अंग उडालं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे त्या खोलीत मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुझ्या आईवर, भाऊजींवर, सरांवर संतापायला मला किती सोपं गेलं बघ. चार पानं भरली. स्वतःवर आले आणि दोनदा पेन ठेवून उठले. पण लिहिणार आहे.

त्या शुक्रवारनंतर सोमवारी बाकी कुणी यायच्या आधी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तुझा तोच फॉर्म. म्हणाले, “वैजयंता, या चौकटींत टिक कर. ‘बधिरपणाची शक्यता मराठीत समजावली’, इथे. आणि खाली साक्षीदार म्हणून सही कर. तारीख त्या शनिवारची टाक.” मी पेन उचललं नाही. तर म्हणाले, “तुझ्याच घरातलं प्रकरण आहे. घरातच मिटव.”

रसिका, माझ्या डोक्यात असं काहीतरी तडकलं. घरातच मिटव! घरातली म्हणून माझी भाची त्यांना सोपी वाटली. दुसऱ्या कुणाची पोर असती तर पुढचा शनिवार दिला असता. माझ्या घरातली आहे म्हणून घाई चालली, माझ्या घरातली आहे म्हणून फॉर्म कोरा चालला, आणि आता माझ्या घरातली आहे म्हणून तो भरायचाही मीच. आपल्या घरात आजवर काय काय मिटवलं गेलं ते तुला सांगायला नको. माझी आजी, तुझी पणजी, गावात दुखणं सांगायला दवाखान्यात गेली की ओट्याखाली उभी राहायची, आणि बरं वाटत नाही म्हणायलाही घाबरायची, डॉक्टर रागावतील म्हणून. मी तिची नात, भाईंदरला येऊन सिस्टर झाले, पांढरा एप्रन घातला, आणि करत काय होते, तर तुझा हात खाली दाबत होते.

मी म्हटलं, “सर, मी सही करणार नाही. समजावलं नव्हतं.” ते म्हणाले, शुक्रवारी तर सगळ्यांसमोर हो म्हणालीस. मी म्हटलं, “शुक्रवारी खोटं बोलले.” त्यांनी विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंयस? मी एप्रन काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. निघण्याआधी त्या फॉर्मचा, रिकाम्या चौकटींसकट, आणि ‘सर्जन’ लिहिलेल्या केसपेपरचा मोबाइलमध्ये फोटो काढला. त्यांच्यासमोर काढला, चोरून नाही. त्यांनी अडवलं नाही. मी असं काही करेन हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. तेव्हापासून मी घरी आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आणि माझ्यावर दया येऊन फोनही करू नकोस.

बुधवारी मी अनुष्का मॅडमना शोधत त्यांच्या हॉस्पिटलला गेले, काशीगावच्या पुढे, हायवेवर. दोन तास बसले. तुझ्या एक्स-रेचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होता, तो त्यांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, “हिला आधी थ्रीडी स्कॅन हवा होता. मुळं नसेला इतकी चिकटलेली असतील तर कधी कधी आम्ही दाढेचा फक्त वरचा भाग काढतो, मुळं तशीच ठेवतो.” म्हणजे दुसरा रस्ता होता. तुला तो कुणी दाखवलाच नाही. मी विचारलं, परत येईल का संवेदना? त्यांनी खोटा धीर दिला नाही, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला. म्हणाल्या, नस नुसती दबली असेल तर हळूहळू येईल, मुंग्या यायला लागल्या तर चांगलं लक्षण. तुटली असेल तर ऑपरेशन करून जोडता येते का ते बघावं लागतं, पण त्यात उशीर चालत नाही. तीन महिन्यांच्या आत तज्ज्ञांनी तपासायलाच हवं, गोळ्या खात वाट बघत बसू नका. आज सातवा आठवडा संपतोय. हे तुला सरांनी एकदा तरी सांगितलं का?

मॅडमनी मुंबईच्या सरकारी डेंटल कॉलेजमधल्या नसांच्या तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिलीय. या पाकिटात ती आहे. येत्या मंगळवारी सकाळी नऊची वेळ आहे. शाळेतून रजा घे. मला शिव्या द्यायच्या तर सावकाश दे, आयुष्य पडलंय, पण मंगळवार चुकवू नकोस. मी सोबत यावं असं वाटलं तर मंदाताईकडे निरोप ठेव. नको वाटलं तरी जा.

आणि आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माफी मागायची असती तर तुझ्या दारात येऊन बसले असते, तू हाकललंस तरी उठले नसते. तुला माफ करायला सांगणारी मी कोण? मंदाताईच्या तोंडून कळलं की तू डेंटल कौन्सिलकडे तक्रार करायचं म्हणतेयस आणि घरातले सगळे तुला विचारतायत, पुरावा काय तुझ्याकडे? तर हा घे. त्या शनिवारी खोलीत मी होते. फॉर्म कोरा होता, तुला काही समजावलं नव्हतं, सर्जन आल्या नव्हत्या, तू तीनदा हात वर केलास आणि तिसऱ्यांदा तो मी दाबला, हे सगळं मी शुद्धीवर, कुणाच्या दबावाखाली न येता लिहिलंय. माझी चूक लिहिलेली ओळ झाकू नकोस, तीही वाचू दे त्यांना. बोलावतील तिथे येऊन हेच सांगेन, सरांच्या समोर सांगेन. फॉर्मचा आणि केसपेपरचा, दोन्ही फोटो कागदावर काढून आणलेत, चिठ्ठीच्या मागे आहेत. फोनवर बोलले असते तर उद्या कुणीही म्हटलं असतं, बाई असं बोललीच नव्हती. म्हणून प्रत्येक पानावर सही केलीय आणि खाली पूर्ण नाव लिहितेय. मूळ पत्र कुणाच्याही हातात देऊ नकोस. झेरॉक्स दे.

तुझीच,
वैजूमावशी

वैजयंता कोंडिराम सोनकांबळे